चार पानांच्या आतलं गवत

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की रावेतमधले मोकळे प्लॉट आठवड्याभरात हिरवे होतात. मुकाई चौकापासून नदीकडे येताना इमारतींच्या मधल्या जागा, रस्त्याकडेचे मुरमाचे ढीग, पवनेकाठी उरलेली काळी वावरं, सगळीकडे काहीतरी उगवलेलं असतं. लांबून ते एकच हिरवं वाटतं. खाली बसून पाहिलं तर हरळी दिसते, मारवेल दिसतो, लव्हाळा दिसतो, आणि त्यांच्या बरोबरीनं गाजरगवताची नक्षीदार पानांची रोपं जमिनीला चिकटून पसरलेली असतात. वावरात मका असतो, कडवळ म्हणजे चाऱ्याची ज्वारी असते, कुठे बांधावर नेपियरची ठोंबं नुकतीच लावलेली असतात.

याच दिवसांत फवारणीचे पंप बाहेर निघतात. सोसायटीला साप-डासांची आणि गाजरगवताच्या खाजेची धास्ती असते. शेतकऱ्याला भांगलणीला माणूस मिळत नाही, मिळालं तर मजुरी परवडत नाही. दोघांचीही अडचण खरी आहे. रावेत १९९७ साली महापालिकेत गेलं, तरी रावेत, किवळे, पुनावळे, मामुर्डी या पट्ट्यात अजून गोठे आहेत. तिथल्या जनावरांचा पावसाळ्यातला चारा याच वावरांतून आणि याच प्लॉटांवरून कापून येतो. म्हणून या फवाऱ्याखाली सापडणाऱ्या कोवळ्या गवताचं काय होतं हे नीट समजून घ्यायला हवं. तणनाशक कोणतं घ्यायचं, हे दुकानात सगळे विचारतात. गवताचं वय किती, हे सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते निकाल बहुतेक वेळा त्या दुसऱ्या प्रश्नावर लागतो.

आधी गाजरगवताबद्दल, कारण बहुतेक फवारे त्याच्याच नावानं होतात. हे झाड सूर्यफुलाच्या कुळातलं, मूळ अमेरिका खंडातलं. भारतात त्याची गाजलेली पहिली शास्त्रीय नोंद पुण्याचीच आहे. १९५५ मध्ये ते पुण्यात दिसलं आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ते प्रसिद्ध केलं. अमेरिकेच्या पी. एल. ४८० योजनेतल्या गव्हाबरोबर ते आलं असं आपल्याकडे घरोघर सांगतात, पण त्या योजनेचा भारताशी करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, म्हणजे झाड पुण्यात दिसल्यानंतर. कसंही आलेलं असो, एक झाड हजारो बिया टाकतं आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. जनावरानं ते खाल्लं तर दूध कडवट होतं. त्याचा बंदोबस्त करायलाच हवा, याबद्दल दुमत नाही.

गाजरगवत रुंद पानांचं आणि मारवेल गवतवर्गातला, त्यामुळे दोघांना वेगळं वागवणारं औषध सोयीचं वाटतं. असं सगळ्यात जुनं आणि स्वस्त औषध म्हणजे टू-फोर-डी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत त्याच्यावर गुपचूप संशोधन झालं आणि १९४५ च्या सुमारास ते बाजारात आलं. झाडाच्या अंगात वाढीचं नियंत्रण करणारं ऑक्सिन नावाचं द्रव्य असतं, टू-फोर-डी त्याची नक्कल करतं. रुंद पानाच्या झाडात ही नक्कल शिरली की वाढ बेलगाम होते. देठ पिळवटतात, खोड फुगून तडकतं, अन्न वाहून नेणाऱ्या नळ्या चेपतात आणि झाड दोन-तीन आठवड्यांत मरतं. गवत मात्र वाचतं. गवताच्या पेशी टू-फोर-डीचा रेणू लवकर बदलून निरुपद्रवी करतात, औषध त्याच्या अंगात फार दूर जात नाही, आणि रुंद पानाच्या खोडात वाहिन्यांभोवती जो वाढता थर असतो तो गवतात नसतोच.

ही झाली वाढलेल्या गवताची गोष्ट. बियापासून नुकतं उगवलेलं गवत या हिशेबात बसत नाही.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर कडवळाचं तीन पानांचं रोप मातीसकट उपसावं, मुळं पाण्यात हलकेच धुवावीत आणि ब्लेडनं रोप उभं चिरावं. पानांच्या आवरणांची एकात एक गुंडाळलेली सुरळी दिसते, तिला आपण पोंगा म्हणतो. पोंग्याच्या अगदी तळाशी, जमिनीच्या पातळीच्याही खाली, मोहरीच्या दाण्याहून लहान असा पांढुरका ठिपका असतो. तो वाढीचा कोंब. पुढची सगळी पानं, सगळे फुटवे, शेवटी कणीससुद्धा इथूनच निघणार असतं. ज्वारी-मक्यात हा कोंब साधारण पाच-सहा पानं येईपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, मातीखालीच राहतो. आता मुळांकडे पाहावं. दाण्यातून थेट निघालेली एक-दोन बारीक मुळं दिसतात. ती तात्पुरती, रोपाला पहिले दोन-तीन आठवडे जगवण्यापुरती. खरी, आयुष्यभराची मुळं कोंबाच्या शेजारच्या पेरांतून निघतात आणि तिसऱ्या-चौथ्या पानाच्या वेळी ती नुकती कुठे टोक काढत असतात.

टू-फोर-डीचा फवारा याच वेळी बसला तर मार या नव्या मुळांवर येतो. ती आखूड, जाड आणि एकमेकांना चिकटलेली निघतात, जमिनीत घुसत नाहीत. वर पानं हिरवी असतात, त्यामुळे फवारणाऱ्याला वाटतं गवत वाचलं. पंधरा दिवसांनी उघडीप पडली की तेच गवत माना टाकतं, हातानं ओढलं तर सहज उपटून येतं, आणि दोष पावसाला दिला जातो. दुसरी खूण पानांची. नवं पान उघडतच नाही, कांद्याच्या पातीसारखं नळीतच अडकून राहतं. गव्हात टू-फोर-डी पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांनी मारायला सांगतात ते याच कारणानं. फुटवे फुटण्याआधी मारलं तर ओंब्या वाकड्यातिकड्या निघतात. चाऱ्याच्या गवतालाही हाच नेम लावावा. निदान चार-पाच पानं आलेली असावीत, फुटवे सुरू झालेले असावेत आणि हलका झटका दिला तर रोप जमिनीतून सुटू नये, तोवर टू-फोर-डी लांब ठेवावं. वरच्या बाजूलाही मर्यादा आहे. गवत पोटरीत आल्यावर फवारलं तर बी पोचट राहतं. मका ऐन वाढीच्या जोरात असताना फवारला तर आठ-दहा दिवस त्याची धाटं इतकी ठिसूळ होतात की वाऱ्यानं कडाकड मोडतात.

कोवळ्या रोपाची अडचण नुसती मुळांची नाही. औषध पचवायला ताकद लागते. मारवेलचं बी फुंकरीनं उडेल इतकं हलकं असतं आणि त्यातला साठा दुसऱ्या-तिसऱ्या पानापर्यंत संपतो. तिथून पुढे रोपाला फक्त पानांची कमाई. पानावरचं मेणाचं आवरण पातळ असतं, म्हणून औषध जास्त शिरतं. त्यात जुलैमध्ये आपल्याकडे आठ-आठ दिवस ऊन नसतं आणि मुळं पाण्यात असतात. अशा वेळी झाडाचं अन्न बनवणं मंदावतं आणि विष मोडण्याचं कामही मंदावतं. एकाच पंपातलं, एकाच मात्रेचं औषध उघडिपीत गवत सोसतं आणि झडीत सोसत नाही, ते यामुळे.

चाऱ्याच्या मक्यात आणि कडवळात जास्त चालतं ते ॲट्राझीन. हे पानांतल्या हरितद्रव्याच्या कामात खीळ घालतं. सूर्यप्रकाश पकडला जातो पण पुढे वापरला जात नाही, आणि त्या अडकलेल्या ऊर्जेनंच पान जळतं. मका आणि ज्वारी वाचतात कारण त्यांच्या पेशी ॲट्राझीनला ग्लुटाथायोन नावाचा रेणू जोडून त्याची नांगी मोडतात. ही शक्ती सगळ्या गवतांत सारखी नसते. ज्वारी, मका, मारवेल ही गवतं एकाच मोठ्या भावकीतली. त्याच भावकीतलं अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातलं बिग ब्लूस्टेम बियापासून उगवतानाही ॲट्राझीन बऱ्यापैकी सोसतं, पण शेजारी वाढणाऱ्या स्विचग्रासची कोवळी रोपं त्यानं मार खातात. त्यामुळे 'मक्याला चाललं, म्हणजे गवताला चालेल' हा हिशेब धोक्याचा आहे. गोठेवाले मक्यात चवळी मिसळून पेरतात, ती चवळी तर ॲट्राझीननं जातेच.

ॲट्राझीनची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ते जमिनीत रेंगाळतं. आम्लधर्मी जमिनीत त्याचा रेणू लवकर फुटतो, विम्लधर्मी जमिनीत सावकाश. दख्खनच्या काळ्या जमिनींचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठ असतो, आणि पवनेकाठची वावरंही काळीच. खरिपात मक्यावर भरपूर ॲट्राझीन मारलं, मका कापला आणि हिवाळ्यात त्याच तुकड्यात ओट किंवा लसूणघास टाकला, तर उगवण छान होते आणि दोन-तीन पानांवर रोपं टोकाकडून पिवळी पडून वाळायला लागतात. बियातला साठा संपून मुळांनी जमिनीतलं औषध वर ओढायला सुरुवात केली की हे दिसतं. शेतकरी बियाणेवाल्याशी भांडतो आणि बियाणं बिचारं चांगलं असतं.

यावर एक बिनखर्ची चाचणी आहे. त्या तुकड्यातल्या चार-पाच जागांची वरची वीतभर माती एकत्र करून कुंडीत भरायची. दुसऱ्या कुंडीत जिथे कधी फवारलं नाही अशा बांधावरची माती. दोन्हींत ओटाचे किंवा काकडीचे थोडे दाणे टाकायचे आणि तीन आठवडे उन्हात ठेवायच्या. पहिल्या कुंडीतली रोपं पिवळी पडून जळू लागली आणि दुसरीतली तजेलदार राहिली तर त्या तुकड्यात ओट, लसूणघास यंदा नको. ही चाचणी ज्वारीवर घेऊ नये. ज्वारी ॲट्राझीन पचवते, त्यामुळे ती काहीच सांगणार नाही.

अलीकडे मक्यात उगवणीनंतर मारायला टेम्बोट्रिओन आणि टोप्रामेझोन आली आहेत. तण पांढरंफटक पडतं, कारण पानातल्या हरितद्रव्याला उन्हापासून राखणारी रंगद्रव्यंच बनत नाहीत. मक्याला ती चालतात, ज्वारीला नाही. आपल्याकडे मक्याच्या शेजारच्याच सऱ्यांत कडवळ असतं, आणि वाऱ्याची एक झुळूक कडवळाचे पोंगे पांढरे करायला पुरते. पेंडिमेथॅलिनचं काम निराळं. ते मातीच्या वरच्या थरात पिवळ्या रंगासारखं धरून बसतं आणि अंकुरातल्या पेशींचं विभाजन थांबवतं, त्यामुळे मुळं गदेसारखी जाड टोकाची होऊन खुंटतात. मक्याचा दाणा चार-पाच सेंटीमीटर खोल असतो, म्हणून तो या थराखालून सुटतो. मारवेलचं, अंजन गवताचं बी आपण जवळजवळ मातीवरच पसरतो, ते बरोबर त्या थरात सापडतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा फुले मारवेल किंवा फुले जयवंत नेपियर मुळासकटच्या ठोंबांनी किंवा कांड्यांनी लावतात. तणाचा त्रास असलेल्या जमिनीत तो रस्ता चांगला, कारण ठोंबाला स्वतःचा साठा असतो आणि तो तणाला लवकर मागे टाकतो.

आता प्लॉटवरचा फवारा. तिथे बहुधा निवड-बिवड नसते, सरसकट ग्लायफोसेट मारलं जातं. १९७४ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेलं हे औषध हिरव्या पानातून शिरून अन्नाबरोबर खालच्या कोंबापर्यंत आणि मुळांपर्यंत जातं आणि काही आवश्यक अमिनो आम्लं तयार होण्याची वाटच बंद करतं. म्हणून हरळीसारखं चिवट गवतही त्यानं मरतं. पॅराक्वाट याच्या उलट, लागेल तेवढंच जाळतं. मुरलेल्या गवताचा कोंब खाली शाबूत असला की ते पुन्हा फुटतं, दोन पानांचं रोप मात्र संपतं. माणसाच्या पोटात पॅराक्वाट गेलं तर त्याला उतारा नाही, म्हणून ते घराच्या आसपास वापरूच नये असं मला स्पष्ट सांगावंसं वाटतं. ग्लायफोसेटबाबत केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ते फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या प्रशिक्षित व्यावसायिकांमार्फतच वापरावं असं बंधन घातलं.

कायदा बाजूला ठेवला तरी जुलैत प्लॉटवर सरसकट ग्लायफोसेट मारण्यात गाजरगवताचाच फायदा होतो. ग्लायफोसेट मातीला चिकटून निष्क्रिय होतं, म्हणजे जमिनीत पडून असलेल्या बियांना ते काही करत नाही. उगवलेलं सगळं मरतं, जमीन उघडी पडते आणि पुढच्या पावसाला उघड्या जमिनीवर सगळ्यात आधी उठतं ते गाजरगवत. जिथे मारवेल, हरळी किंवा टाकळा दाट बसलेला असतो तिथे त्याच्या रोपाला उन्हाची तिरीप मिळत नाही. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजरगवत जागृती सप्ताह पाळतं. आपल्याकडे तेव्हा जमीन ओली असते आणि मागाहून उगवलेली बरीच झाडं अजून फुलावर यायची असतात. हातमोजे घालून मुळासकट उपटायला हाच काळ योग्य. गवत त्या वेळी चार-पाच पानांच्या पुढे गेलेलं असतं, त्यामुळे जागा फारच मोठी असेल आणि फवारायचंच असेल तर टू-फोर-डीसुद्धा तेव्हाच, जून-जुलैत नाही. तेही वारा नसताना. टू-फोर-डीचे काही प्रकार वाफ होऊन दूर जातात, आणि टोमॅटो, वेलवर्गीय भाज्या, द्राक्षं, कापूस यांना त्याचा नुसता वास पुरतो.

फवारलेला चारा जनावरापुढे टाकण्याबद्दल दोन गोष्टी गोठेवाल्यांनी ध्यानात ठेवाव्यात. कोवळ्या ज्वारीनं किराळ लागते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या विषबाधेत हायड्रोजन सायनाइड तयार होतं आणि रक्त लालभडक दिसतं. तणनाशकानं वाढ अडलेल्या गवतात आणि तणात नायट्रेट साचतं, ही वेगळी विषबाधा. तिच्यात रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही आणि चॉकलेटी होतं. डॉक्टरांना रक्ताचा रंग आणि फवारणीची तारीख दोन्ही सांगितलं तर उपचार चुकत नाही. दुसरी गोष्ट, फवाऱ्यानं सुकायला लागलेली काही विषारी झाडं जनावरांना एरवीपेक्षा चविष्ट लागतात. एरवी गुरं ज्याला तोंड लावत नाहीत ते अशा वेळी खातात. डब्यावरच्या पत्रकात चारा किती दिवस वापरू नये ते लिहिलेलं असतं. ती मुदत पाळावीच, आणि प्लॉटवरून गवत कापण्याआधी रखवालदाराला फवारणीबद्दल विचारावं.

औषध जनावराच्या पोटातून पार होऊन शेणातही उतरू शकतं, हे ब्रिटननं २००८ मध्ये पाहिलं. तिथे कुरणांवर अमिनोपायरॅलिड नावाचं तणनाशक मारलं गेलं होतं. गवताला काही झालं नाही, जनावरांनाही नाही, पण त्यांच्या शेणखतावर लावलेल्या टोमॅटो, बटाटा आणि घेवड्याची पानं आकसून वेडीवाकडी झाली आणि त्या वर्षीच्या जुलैत विक्री थांबवावी लागली. टू-फोर-डी इतकं टिकत नाही, मातीत काही आठवड्यांत मोडतं. तरीही रावेतमधल्या गच्चीवरच्या बागा शेजारच्या गोठ्यातल्या खतावर फुलतात, म्हणून खत घेताना चाऱ्याची विचारपूस करायला हरकत नाही. शंका असेल तर वरची कुंडीची चाचणी इथेही चालते, फक्त ओटाऐवजी घेवड्याचे दाणे घ्यावेत.

आणि शेवटी पाणी. रावेतच्या बंधाऱ्यातून महापालिका पवनेचं पाणी उचलते आणि ते निगडीच्या सेक्टर २३ मधल्या जलशुद्धीकरण केंद्रात जातं. पिंपरी-चिंचवडच्या लाखो नळांचं पाणी या एका वळणावरून जातं, आणि बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला दोन्ही काठांवर शेती आहे. ॲट्राझीन पाण्याबरोबर वाहतं. तुरटीनं आणि क्लोरीननं ते फारसं निघत नाही, त्यासाठी सक्रिय कार्बन लागतो. भूजलात ते लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम या मर्यादेच्या वर सापडत राहिलं म्हणून युरोपीय संघानं २००४ मध्ये त्याला मान्यता नाकारली. अमेरिकेत ते अजून चालतं, पण शेतातलं पाणी ओढ्या-नदीत उतरतं त्या जागेपासून ६६ फूट, म्हणजे सुमारे २० मीटर, सोडून मारावं अशी अट लेबलवरच असते. पवनेच्या काठी हेच अंतर पाळता येईल. तेवढ्या पट्ट्यात मका न लावता मारवेलची ठोंबं लावावीत, पहिल्या पावसाळ्यात ती खुरप्यानंच भांगलावीत, आणि पंप धुतलेलं पाणी नदीत न ओतता फवारलेल्याच वावरात पसरावं. दुसऱ्या वर्षापासून तो पट्टा वरून वाहून येणारी माती अडवतो, शिवाय गोठ्याला कापणी देतो.